बोर्डो मिश्रण फाटतं कशामुळे? या चुका टाळा

फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी खाऊ नयेत म्हणून वेलींवर मोरचूद (म्हणजे तांब्याचं सल्फेट) आणि चुना शिंपडत. १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं, की केवडा या बुरशीजन्य रोगाने इतर वेली पानं गाळत असताना या मात्र हिरव्या आहेत. १८८५ मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली, तेच हे बुरशीनाशक बोर्डो मिश्रण. नाशिकची द्राक्षं आणि कोकणातली सुपारी आजही त्याच कृतीवर राखतात. कृती दोन वस्तूंची, तरी बिघडते. आणि बिघाड बहुधा चुन्यात असतो.

एक टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. चुन्याचं पोतं उघडं राहिलं की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. असा चुना मोरचुदाची आम्लता मारत नाही, पानं करपतात. परीक्षा सोपी: खड्यावर थोडं पाणी टाका. खडा तापून, वाफा सोडत फुटला तर ठीक. गप्प बसला तर तो चुना भिंतीला लावा.

चुना विरवल्यावर गाळून ५० लिटर करा आणि पूर्ण निवू द्या. गरम चुन्यात मोरचूद गेलं तर निळ्याऐवजी काळपट साका बसतो, तो तांब्याचा ऑक्साइड. घाई इथेच नडते.

मोरचूद पाण्याच्या तळाशी टाकून ढवळत बसू नका. फडक्यात बांधून पाण्याच्या वरच्या थरात टांगा. विरघळलेलं द्रावण जड असल्याने खाली उतरतं, खड्यांभोवती कोरं पाणी येत राहतं. सकाळपर्यंत पोटली रिकामी. खडे हिरवट दिसले तर हिराकशीची (लोखंडाच्या सल्फेटची) भेसळ समजा.

मग मोरचुदाचं ५० लिटर द्रावण ढवळत ढवळत चुन्यात ओता. उलट केलं, किंवा दोन्ही घट्ट ठेवून मिसळून वरून पाणी घातलं, तर कण जाडे होतात, तळाशी बसतात आणि नोझल तुंबतं. भांडं प्लास्टिकचं घ्या. लोखंडी बादलीत तांबं बादलीलाच चिकटतं.

हाच गुण तपासणीला कामी येतो. घासलेला विळा मिश्रणात मिनिटभर बुडवा. पातं तांबूस झालं तर मोकळं तांबं शिल्लक आहे. चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, पातं स्वच्छ निघेपर्यंत.

केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. त्यात दुसरं कीटकनाशक मिसळू नका, चुन्याच्या अल्कलीत बरीच औषधं निकामी होतात. आणि सुपारीवर कोळे रोग (फळं कुजवणारा रोग) दिसल्यावर नाही, पावसाच्या तोंडावर, मेअखेरीस पहिली फवारणी घ्या. दुसरी साधारण ४० ते ४५ दिवसांनी. पानावर आधीच बसलेलं तांबं बीजाणू रुजू देत नाही, आत शिरलेल्या बुरशीला ते काही करत नाही.