स्वयंपाकघरातील कपाटांना शोभेची काच बसवताना या चुका टाळा

स्वयंपाकघराचे काम काढले की ओट्यावरच्या कपाटांपैकी दोन-तीन दारांना तरी काच असावी, अशी इच्छा बहुतेक घरांत व्यक्त होते आणि ती रास्तही आहे. एकाच रंगाच्या बंद लॅमिनेटची सलग भिंत छोट्या फ्लॅटमध्ये अंगावर येते आणि मधल्या दोन दारांना काच असली की नजरेला थोडी मोकळीक मिळते. मात्र ही निवड आपण बहुधा चुकीच्या टोकाकडून सुरू करतो. दुकानात तळहाताएवढ्या नमुन्यांची पेटी समोर येते, त्यातला एखादा तुकडा मनात भरतो, आणि त्या काचेमागे काय ठेवले जाणार आहे, ते कपाट शेगडीपासून किती लांब आहे, दाराची चौकट लाकडाची आहे की ॲल्युमिनियमची, हे प्रश्न काच बसून गेल्यावर पडू लागतात. पुढे सांगितलेल्या बहुतेक तक्रारी या उलट्या क्रमातून जन्माला येतात.

आतले सामान न पाहता काच ठरवणे

पूर्वी आपल्या घरांत घासूनपुसून लखलखीत केलेले पितळेचे डबे आणि उतरत्या क्रमाने लावलेली पातेली मांडणीवर असत, ती लोकांना दिसावीत म्हणूनच. रोजचा पसारा मात्र फडताळात बंद दारामागे जात असे. पारदर्शक काचेचे दार मांडणीचे काम करते आणि आपण त्यामागे फडताळातले सामान भरतो. कपबश्या किंवा एकसारख्या बरण्या ठेवायच्या असतील तरच स्वच्छ पारदर्शक काच घ्यावी. डाळी, पोहे, रवा अशा निरनिराळ्या आकारांच्या डब्यांसाठी उभ्या पन्हळ्यांची, म्हणजे बाजारात जिला फ्लूटेड म्हणतात ती काच बरी पडते. अर्धवट वापरलेल्या पाकिटांचे आणि औषधांच्या बाटल्यांचे कपाट असेल, तर मागून रंग दिलेली अपारदर्शक लॅकर्ड काच लावावी.

येथे एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. पन्हळी किंवा फ्रॉस्टेड, म्हणजे दुधी-धुरकट केलेली काच वस्तूला किती झाकते, हे त्या वस्तूचे काचेपासून अंतर किती आहे यावर ठरते. काचेला टेकलेला डबा रंग-आकारासह ओळखू येतो, तर वीस-पंचवीस सेंटिमीटर मागे असलेला तोच डबा केवळ रंगाची छटा म्हणून उरतो. म्हणून नमुन्याचा तुकडा शक्य तितका मोठा मागून घ्यावा, आपल्याच स्वयंपाकघरात आपल्याच डब्यांसमोर आधी जवळ आणि मग लांब धरावा, दोन मीटरवरून पाहावा आणि दिवसा तसेच रात्री दिव्याच्या उजेडातही पाहावा. कपाटाच्या आत दिवा लावणार असाल तर रात्रीची पाहणी टाळूच नका, कारण दिवसा सगळे झाकणारी फ्रॉस्टेड काच आतला दिवा लागताच आतल्या वस्तूंच्या सावल्या दाखवू लागते.

फळ्यांचाही विचार याच वेळी व्हावा. प्लायवुडच्या फळीची कड काचेमागे आडव्या काळपट रेघेसारखी दिसते, आणि शेजारच्या दोन कपाटांत त्या रेघा वेगवेगळ्या उंचीवर आल्या की दारे वाकडी बसली आहेत असा भास होतो. सुताराला भोके पाडण्यापूर्वीच फळ्या एका पातळीत घ्यायला सांगावे; नंतर हे दुरुस्त करणे कठीण जाते. आतल्या दिव्यांची पट्टी पुढच्या कडेला, चौकटीच्या आड आणि मागच्या बाजूला प्रकाश टाकणारी असावी, म्हणजे पारदर्शक काचेतून एलईडीचे ठिपके डोळ्यांत खुपत नाहीत.

साधी काच चालेल असे समजणे

खर्चात थोडी बचत व्हावी म्हणून येथे साधी काच स्वीकारली जाते, आणि ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. ओट्यावरचे दार दिवसातून अनेकदा डोक्याच्या उंचीवर उघडते. साधी काच फुटली तर तिचे लांब, धारदार तुकडे खाली काम करणाऱ्या माणसाच्या हातावर आणि अन्नात पडतात. टफन्ड काच सहाशे अंश सेल्सिअसहून अधिक तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड केलेली असते. त्यामुळे ती साध्या काचेपेक्षा सुमारे चार ते पाच पट मजबूत होते आणि फुटलीच तर तिचे बारीक, बोथट खडे होतात. भारतात सुरक्षा-काचेसाठी आयएस 2553 हे मानक आहे. काचेच्या कोपऱ्यात त्याचा ठसा आहे का, हे माल उतरवून घेतानाच पाहावे.

टफन्ड काचेची एक अट मात्र आधीच लक्षात घ्यावी लागते: एकदा प्रक्रिया झाली की ती कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. माप, कडांची घासाई, हॅंडलची भोके हे सारे भट्टीत जाण्यापूर्वी पक्के झाले पाहिजे. साहजिकच चौकटी तयार होण्याआधी नकाशावरून काच मागवणे महागात पडते. चौकट तयार झाल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही, आणि ती आधी सरळ करून घ्यावी. सर्वच शोभेच्या काचा टफन होत नाहीत. फार खोल नक्षीची किंवा हाताने बनवलेली रंगीत काच हवी असेल, तर मध्ये पारदर्शक थर घालून जोडलेल्या लॅमिनेटेड काचेचा पर्याय विचारावा, कारण ती तडकली तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात.

रंग, दिशा आणि जागा

साध्या काचेत लोहाचा अंश असल्याने तिच्यात हिरवट झाक असते. लॅकर्ड काचेत पांढरा रंग निवडणाऱ्यांना ती हमखास खटकते, तेव्हा पांढऱ्यासाठी कमी लोहाची, एक्स्ट्रा क्लिअर काच मागावी. पन्हळी काचेच्या बाबतीत मागणीच्या कागदावर रुंदी व उंचीसोबत पन्हळ्यांची दिशा बाणाने दाखवली नाही, तर एका दारावर उभ्या आणि दुसऱ्यावर आडव्या पन्हळ्या येण्याचा धोका राहतो. पन्हळ्यांची बाजू शक्यतो कपाटाच्या आत ठेवावी, कारण फोडणीचा तेलकट धूर बाहेरच्या बाजूला बसतो आणि सपाट पृष्ठभाग एका फडक्याने पुसला जातो. याच कारणाने वाळूच्या फवाऱ्याने खरखरीत केलेल्या काचेवर बोटांचे तेलकट ठसे राहतात. ॲसिडने फ्रॉस्ट केलेली काच त्या मानाने गुळगुळीत असते. शिशाच्या पट्ट्यांत जोडलेली रंगीत काच सुंदर दिसते, पण तिच्या सांध्यांत चिकटा साचतो आणि शिशाचा भांड्यांशी संबंध येऊ नये, म्हणून ती दोन्ही बाजूंनी साध्या टफन्ड काचेत बंदिस्त करणेच योग्य. चिमणीला लागून असलेल्या दारांना नक्षीची काच लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

कोकणातल्या आमच्या घरी पहिल्याच पावसाळ्यात एका दाराची काच कोपऱ्यातून तडकली. कुणाचा धक्का लागला नव्हता. सुताराने साधी काच लाकडी खाचेत अगदी घट्ट बसवली होती, दमट हवेत चौकट फुगून वाकली आणि ताण कोपऱ्यावर आला. तेव्हापासून मी खाचेत काचेच्या प्रत्येक बाजूस दोन मिलिमीटर मोकळी जागा आणि आत रबराची पट्टी असल्याशिवाय लाकडी दार स्वीकारत नाही. याच्या उलट, दार लावताना काच खडखडत असेल तर रबर सुकले आहे किंवा लाकडी पट्टी सैल झाली आहे असे समजावे. रबर बदलावे किंवा पट्टी काढून कोपऱ्यांत सिलिकॉनचे ठिपके द्यावेत. लॅकर्ड काचेला व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये, ते मागच्या रंगाला खराब करते. तेथे न्यूट्रल सिलिकॉनच हवे.

दार खाली झुकत असेल तर आधी वजनाचा हिशेब करावा. काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीमागे प्रति चौरस मीटर अडीच किलो असते. म्हणजे 45 बाय 72 सेंटिमीटरच्या दारात 4 मिलिमीटरची काच सव्वातीन किलोच्या आसपास आणि 5 मिलिमीटरची चार किलो भरते, आणि त्यात चौकटीची भर पडते. उंच दाराला तिसरी बिजागरी घ्यावी. वर उघडणाऱ्या दारात लॅमिनेटऐवजी काच घातल्यास हायड्रॉलिक पंपही नव्या वजनाप्रमाणे बदलावा, नाहीतर दार मध्येच खाली येते किंवा झटक्याने वर जाते.

नव्या काचेवरचे पांढुरके, इंद्रधनुषी डाग साबणाने जात नसतील, तर ते धुळीचे नसून ओलाव्याचे असतात. पावसाळ्यात एकावर एक रचून ठेवलेल्या काचांमध्ये पाणी अडकले की पृष्ठभागच खराब होतो. अशी काच घासत बसू नये, बसवण्यापूर्वीच परत करावी. काच घेतानाच नक्षीचे नाव, जाडी आणि प्रत्येक दाराचे माप पावतीवर लिहून घ्यावे, आणि त्याच नक्षीचा एक तुकडा घरात जपून ठेवावा, कारण काही वर्षांनी एखादे दार फुटले तर टफन्ड काच नव्याने मापावर बनवावी लागते आणि दुकानदाराला नेमकी तीच नक्षी शोधण्यासाठी तो तुकडाच उपयोगी पडतो.