सुट्टीचे शेवटचे दहा दिवस

गेल्या वर्षी सुट्टीनंतरच्या पहिल्याच लेक्चरला मी अकराव्या मिनिटाला पेन खाली ठेवलं. समजत नव्हतं म्हणून नाही, बोटं दुखायला लागली म्हणून. उन्हाळाभर अंगठ्याने टाइप करण्यापलीकडे हाताला कामच नव्हतं. त्यात सर 'हे तुम्हाला येतंच' म्हणून पुढे गेले आणि ते मला येत नव्हतं. यंदा म्हणून सुट्टीचे शेवटचे दहा दिवस बाजूला काढले. मी केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला जातेय; तुमचा विषय वेगळा असेल तर उदाहरणं तुमची घाला.

आधी झोप. नव्या वह्या, रंगीत पेनं, टाइमटेबल, सगळं नंतर. सुट्टीत मी रात्री अडीचला झोपून साडेदहाला उठत होते आणि कॉलेजसाठी उठायचं साडेसहाला. हे चार तासांचं अंतर गेल्या वर्षी मी एका रात्रीत कापायला गेले. दहाला दिवा मालवला आणि दीडपर्यंत पंख्याकडे बघत पडले. आळस वगैरे काही नव्हता त्यात. माणसाच्या शरीरातलं घड्याळ सरासरी 24 तासांहून दहाएक मिनिटांनी मोठं असतं. त्यामुळे उशिरा सरकायला ते एका पायावर तयार, अलीकडे यायचं म्हटलं की कुरकुर.

झोप हुकमाने येत नाही, पण गजर आपल्या हातात असतो. म्हणून गजर रोज 25 मिनिटं अलीकडे घ्या. दहा दिवसांत चार तास वसूल होतात. तुमचं अंतर कमी असेल तर मिनिटंही कमी करा. उठल्या उठल्या पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या उजेडात जा. सकाळचा उजेड हे घड्याळ अलीकडे ओढतो, रात्रीचा पलीकडे ढकलतो, आणि उशाशी धरलेला फोनही त्यातच आला. दुपारी डोळे मिटतात तेव्हा वीस मिनिटांची डुलकी चालते, दोन तास ताणून दिली तर रात्रीचं खोबरं. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी 'आजच्या दिवस झोपू दे' असं हमखास वाटतं. मी झोपले. पुढचे दोन दिवस ते भरून काढण्यात गेले.

आता अभ्यास. जुनी वही लगेच उघडू नका, हे मी फार आग्रहाने सांगतेय. वही चाळली की सगळं ओळखीचं दिसतं आणि ओळखीचं दिसलं की येतंय असं वाटतं. त्याऐवजी कोरा कागद घ्या, वर एका धड्याचं नाव लिहा आणि पंधरा मिनिटं आठवेल ते उतरवा. मी 'टायट्रेशन' घेतलं, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंब थेंब सोडून त्याचं प्रमाण मोजणं. ब्युरेटचं, म्हणजे थेंब सोडायच्या नळीचं, चित्र आलं, रंग बदलून शेवट दाखवणारं फिनॉल्फ्थॅलीन आलं, रंगहीन ते फिकट गुलाबी आलं. पण स्ट्राँग अ‍ॅसिड आणि वीक बेस असेल तर फिनॉल्फ्थॅलीन का चालत नाही, तिथे नुसती रेघ. मग वही उघडली आणि तेवढंच हिरव्या पेनाने भरलं: त्याचा रंग पीएच 8.2 च्या पुढे बदलतो, या जोडीचा इक्विव्हॅलन्स पॉइंट, म्हणजे अ‍ॅसिड आणि बेस एकमेकांना नेमके पुरतात ती जागा, 7 च्या खाली असतो, म्हणून तिथे त्या बाजूला रंग बदलणारं मिथिल ऑरेंज. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद, तोच धडा. हिरवं कमी झालेलं दिसतं तेव्हा बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. शिवाय हातालाही लिहायची सवय परत लागते.

पहिल्या कागदावर चारच ओळी आल्या तर घाबरू नका. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, विसरायच्या, पुन्हा पाठ करायच्या. 31 दिवसांनंतरही दुसऱ्या खेपेला त्याचा साधारण पाचवा हिस्सा वेळ वाचत होता. तीही निरर्थक अक्षरं. आपण तर निदान अर्थ असलेलं शिकलेलो असतो.

सगळे विषय धरू नका. पुढच्या वर्षाचा सिलॅबस काढून त्यातलं ज्यांच्यावर उभं आहे असे मागचे तीन-चार धडे निवडा. बाकीचं वर्गात लागेल तसं बघता येतं. टाइमटेबल हाताने उतरवून घ्या, खोली नंबरासकट. पहिल्या आठवड्यात रात्री जागून अभ्यासाचा पराक्रम नको, नाहीतर दहा दिवस सरकवलेला गजर पुन्हा जागच्या जागी. संध्याकाळी दहा मिनिटं त्या दिवशीच्या लेक्चरचा कोरा कागद लिहिला तरी पुष्कळ.

बॅग आदल्या रात्री भरायची असेल तर खुशाल भरा, पण आयकार्ड आणि अ‍ॅप्रन आजच शोधा. माझा अ‍ॅप्रन शेवटच्या प्रॅक्टिकलपासून पिशवीत गुंडाळी होऊन पडला होता. बाहीवर परमँगनेटचा डाग. द्रावण जांभळं, पण कापडावर त्याचं मँगनीज डायऑक्साइड होतं, म्हणून डाग तपकिरी. साबणाने दोनदा घासला, ढिम्म हलला नाही. मग आठवलं की वर्षभर ज्या ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने परमँगनेटचं टायट्रेशन केलं, त्यानेच तो जातो. पण ते विषारी, घरी हाताळायची वस्तू नव्हे. लॅबमध्ये सरांना विचारीन. तोवर तुटलेलं बटण तेवढं लावून ठेवलंय.