हरिकेननंतर फीमाच्या दाव्यासाठी कन्सल्टंट नेमताना

मी फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावरच्या एका लहान शहराच्या फायनान्स विभागात काम करते. 28 सप्टेंबर 2022 ला इयान हे हरिकेन आलं, तेव्हा मला या खात्यात चार वर्षं झाली होती आणि फीमाचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा, एकही दावा मी तोवर हाताळला नव्हता. पुढची दोन-अडीच वर्षं मी जवळजवळ तेवढंच केलं. इथे काउंटी आणि सिटीच्या नोकरीत आपली माणसं बरीच आहेत. कुणी रस्त्यांकडे इंजिनियर आहे, कुणी अकाउंट्सला, कुणी परचेसिंगला. वादळ येऊन गेलं की त्यांतल्या कुणाचा तरी फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: फीमाच्या दाव्याचं काम बघायला बाहेरचा कन्सल्टंट घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कसा? फोनवर सांगते ते इथे सविस्तर लिहिते.

आधी पैसा कसा येतो ते नीट समजून घ्या, कारण कन्सल्टंट नेमताना होणाऱ्या बहुतेक चुका हे न कळल्यामुळे होतात. 1988 च्या स्टॅफर्ड कायद्याखाली राष्ट्राध्यक्षांनी मोठी आपत्ती जाहीर केली की सार्वजनिक मदतीची योजना सुरू होते. पैसा फीमा थेट आपल्याला देत नाही. तो राज्याला मिळतो आणि राज्याकडून आपल्याकडे येतो. मान्य खर्चाचा किमान 75 टक्के वाटा केंद्राचा असतो, उरलेला राज्याने आणि आपण सोसायचा. फीमा कामांचे वर्ग पाडते: वादळाने पडलेला कचरा उचलणं ए वर्गात, तातडीची कामं बी वर्गात, आणि सी ते जी मध्ये रस्ते, पाण्याचे कालवे, इमारती, वीज-पाण्याच्या सोयी, बागा अशी कायमची दुरुस्ती. आधी खर्च आपण करायचा, त्याचा पुरावा द्यायचा, मग भरपाई. जो खर्च कागदावर सिद्ध होत नाही, तो शहराने प्रत्यक्ष केलेला असला तरी मिळत नाही.

दोन मुदती भिंतीवर लिहून ठेवा. तुमचा भाग आपत्तीच्या यादीत आल्यापासून 30 दिवसांत मदतीसाठीचा पहिला अर्ज गेला पाहिजे. त्यानंतर फीमाच्या माणसांबरोबर एक मोठी बैठक होते, तिच्यापासून 60 दिवसांत सगळ्या नुकसानीची यादी द्यावी लागते. पहिला अर्ज अगदी छोटा आहे, त्यासाठी कन्सल्टंटची वाट पाहू नका. आमचा अर्ज मीच भरला होता, वीज नसताना, आपत्कालीन केंद्राच्या जनरेटरवर.

कन्सल्टंट लागतो का, आणि कशासाठी

तुमचं नुकसान दोन-चार प्रकल्पांत मावत असेल आणि खात्यात एक माणूस पूर्णवेळ मोकळा करता येत असेल, तर कन्सल्टंटशिवाय भागतं. राज्याची माणसं मदत करतात. पण पंपिंग स्टेशनं बुडालीत, विम्याचे दावे चालू आहेत, इमारत दुरुस्त करायची की पाडून बांधायची हा वाद आहे, अशा वेळी जाणता माणूस हवाच. विम्याचे पैसे आणि फीमाचे पैसे एकाच नुकसानीसाठी दोनदा घेता येत नाहीत, आणि ती वजाबाकी चुकली की पुढे सगळं प्रकरण अडकतं. पुन्हा तसंच नुकसान होऊ नये म्हणून बांधकामात सुधारणा मागायची तर तिचं समर्थनही लिहावं लागतं. यासाठी मी अनुभवी माणसाला आनंदाने पैसे देईन.

टाइमशीट टाइप करायला मात्र ताशी दीडशे डॉलर देऊ नका. तो हिशेबही सांगते. 2018 च्या कायद्याने अनुदानाच्या व्यवस्थापनाच्या खर्चाला मर्यादा घातली: प्रकल्पांच्या एकूण मंजूर रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंत आपल्याला मिळतात, 7 टक्क्यांपर्यंत राज्याला. कन्सल्टंटची अनुदानाच्या कामाची फी या 5 टक्क्यांतून जाते, आणि आपल्या कर्मचाऱ्यांचा त्याच कामातला वेळही त्यातूनच. समजा तुमचा दावा 40 लाख डॉलरचा आहे. 5 टक्के म्हणजे 2 लाख. ताशी दीडशेच्या दराने ते 1,333 तास होतात. एक मॅनेजर आणि दोन अॅनालिस्ट पूर्णवेळ बसले तर तीन महिन्यांच्या आत ते संपतात, आणि प्रकरण मात्र अनेक वर्षं चालतं. त्यापुढचा प्रत्येक डॉलर शहराच्या तिजोरीतून, म्हणजे ज्यांची घरं गळत आहेत त्यांच्याच करातून जातो. विशिष्ट प्रकल्पाचं इंजिनियरिंग किंवा कचऱ्यावरची देखरेख यांचा खर्च त्या त्या प्रकल्पात धरला जातो, तो या 5 टक्क्यांत येत नाही. बिलं पहिल्या दिवसापासून वेगळी मागा, नंतर ती वेगळी करता येत नाहीत.

निविदा वादळाच्या आधी

हरिकेनचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. करार मे महिन्यापर्यंत सह्या होऊन तयार हवा. वादळ आल्यावर शोधायला निघणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. आम्ही तेच केलं. तिसऱ्या दिवशी एका कंपनीचा प्रतिनिधी आपत्कालीन केंद्रात आला. सभ्य माणूस, आमच्यापेक्षा कितीतरी जास्त जाणणारा. सगळे थकलेले होते, पाचव्या दिवशी आणीबाणीची तरतूद लावून सही झाली. आणीबाणीत स्पर्धेशिवाय करार करायला केंद्राचे नियम परवानगी देतात हे खरं आहे, पण परवानगी आणीबाणी असेपर्यंतच. रस्ते मोकळे झाले, पाणी सुरू झालं, की स्पर्धात्मक निविदा काढून पुढचं काम त्या कराराखाली न्यावं लागतं. आमच्याकडे जुना करार आठ महिने चालत राहिला. शेवटच्या काही महिन्यांची बिलं आम्हाला दाव्यातून काढून घ्यावी लागली, आणि ते सिटी कमिशनसमोर, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या मंडळासमोर, सांगायला मी उभी होते.

शेजारच्या काउंटीच्या करारावर स्वार व्हायचा सल्लाही मिळेल. जपून. तो करार त्यांच्या कामासाठी, त्यांच्या आकारासाठी निघालेला असतो. त्यात तुमचं काम बसत नसेल तर फीमाच्या लेखी ती स्पर्धा झालीच नाही.

निविदा काढताना केंद्राचे खरेदीचे नियम, म्हणजे सीएफआर या केंद्राच्या नियमसंग्रहाच्या दुसऱ्या शीर्षकातला भाग 200, राज्याचा कायदा आणि आपल्या शहराची नियमावली, या तिन्हींतलं जे कडक असेल ते पाळा. त्यातल्या काही ठिकाणी लोक हमखास अडकतात.

कन्सल्टंटला इंजिनियरसारखं फक्त पात्रतेवर निवडून दर मागाहून ठरवायची बऱ्याच शहरांना सवय असते. केंद्राच्या पैशात ती सवलत आर्किटेक्ट आणि इंजिनियरच्या सेवेलाच आहे. अनुदानाच्या व्यवस्थापनासाठी किंमत हा निवडीचा एक निकष असायलाच हवा.

ज्याने निविदेचा मसुदा करायला मदत केली, त्याला त्या निविदेत भाग घेता येत नाही. कुणी नमुना म्हणून आयता मसुदा फुकट पाठवला, तर तो पाठवणारा कोण ते आधी बघा.

खर्चावर टक्केवारीने फी, म्हणजे जितका खर्च वाढेल तितकी फी वाढेल असा करार, केंद्राच्या नियमांत सरळ मना आहे. तुम्हाला मिळवून दिलेल्या पैशांत आमचा हिस्सा, पैसे आले तरच फी, ही भाषा कानाला गोड लागते, कमिशनरांना तर फारच. मी ती कधीच स्वीकारणार नाही. ज्याची कमाई दाव्याच्या आकारावर ठरते, तो दावा कमी करायचा सल्ला कधी देणार? आणि कधी कधी तोच सल्ला खरा असतो. हुद्द्यानुसार ताशी दर, प्रत्येक कामासाठी वेगळा लेखी आदेश, आणि त्या आदेशावर ओलांडता न येणारी कमाल रक्कम, एवढं ठेवा. वेळ आणि साहित्याच्या, म्हणजे लागलेले तास आणि सामान यांवर बिल होणाऱ्या, करारात अशी कमाल मर्यादा नियमानेच सक्तीची आहे.

सही करण्याआधी कंपनीचं नाव केंद्राच्या बंदी यादीत आहे का ते सॅम डॉट गव्ह या केंद्राच्या वेबसाइटवर पाहून त्या पानाचा प्रिंट फाइलला लावा. दोन मिनिटांचं काम आहे, ऑडिटर ते हमखास विचारतो.

मुलाखत कंपनीची घेऊ नका, माणसाची घ्या. सादरीकरणाला जे वरिष्ठ येतात ते पुन्हा दिसत नाहीत. रोज तुमच्या फाइलवर कोण बसणार, त्या व्यक्तीलाच समोर बसवा. तिच्याकडे आत्ता किती शहरांचं काम आहे ते विचारा. आपल्या आपत्तीला फीमाच्या धोरणपुस्तिकेची कुठली आवृत्ती लागू होते, हेही विचारा. आवृत्ती आपत्ती जाहीर झाल्याच्या तारखेवरून ठरते. इयानला चौथी लागू होती, 6 जानेवारी 2025 पासून जाहीर झालेल्या आपत्तींना पाचवी. या एका प्रश्नावर दोन उमेदवार गडबडले. आणि आधीच्या ग्राहकांना फोन कराल तेव्हा, किती पैसे मिळवून दिले हे विचारू नका. मंजूर झालेल्यातले किती नंतर परत घेतले गेले, ते विचारा.

वही

आता जे सांगते आहे ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कन्सल्टंट पुरावा तयार करू शकत नाही. तो पहिल्या दोन आठवड्यांत आपल्याच माणसांच्या हातून तयार होतो, किंवा होतच नाही.

आमच्या रस्ते विभागाचा फोरमन खिशात एक लहान वही ठेवायचा. रोज संध्याकाळी ट्रकमध्ये बसून पेन्सिलीने लिहायचा: यंत्राचा नंबर, चालवणारा कोण, कुठल्या रस्त्यावर कुठून कुठपर्यंत, सुरू किती वाजता, बंद किती वाजता. पानं ओली होऊन सुकल्यामुळे फुगली होती. कर्मचाऱ्यांच्या टाइमशीटवर मात्र फक्त "वादळाचं काम, 14 तास" एवढंच. कन्सल्टंटच्या अॅनालिस्टने माणूस 14 तास म्हणून लोडरही 14 तास असं धरून तक्ता भरला आणि माझ्याकडे सहीला पाठवला. मला तो सलग चौदा-चौदाचा रकाना खटकला. फोरमनला वही घेऊन बोलावलं. लोडर त्या दिवशी सहा तास चालला होता, उरलेले आठ तास तोच माणूस चेनसॉने फांद्या कापत होता. फीमा यंत्राचा ताशी दर देते तो यंत्र कामात असतानाचा. असं उभं राहिलेलं यंत्र त्यात बसत नाही. अकरा दिवस, तीन लोडर. आम्ही दोघं टेबलाशी शेजारी बसलो, तो वाचायचा आणि मी तक्ता दुरुस्त करायची. तीन दुपारी गेल्या. दावा लहान झाला, पण त्यातला एक तासही पुढे कुणाला कापता आला नाही.

म्हणून नियम असा: मूळ कागद आपल्याकडे, कन्सल्टंटकडे स्कॅन. फीमाच्या ग्रँट्स पोर्टलवर शहराच्या नावाचा मुख्य प्रवेश आपल्या कर्मचाऱ्याचा, त्यांचा नाही. आपल्या वाचनाशिवाय एकही कागद चढवायचा नाही. तातडीच्या कामात नेहमीच्या कर्मचाऱ्यांचा फक्त ओव्हरटाइम भरपाईला धरतात, नेहमीचा पगार नाही. आणि तो ओव्हरटाइम वादळाआधीपासून असलेल्या लेखी वेतन धोरणाप्रमाणे दिलेला हवा. ते धोरण कन्सल्टंट आल्यावर लिहून चालत नाही.

कचऱ्याचंही तेच. ट्रक भरला, मोजला, तिकीट फाटलं, ती तिकिटं म्हणजे रोख पैसे. उचलणारी कंपनी आणि देखरेख करणारी कंपनी एकमेकांपासून पूर्ण वेगळ्या हव्यात. लोंबकळणाऱ्या फांदीचा दावा करायचा तर ती तुटली त्या जागी दोन इंचांहून जाड हवी, आणि फोटो कापण्याआधीचा हवा.

बिल आणि शेवट

कन्सल्टंटचं पहिलं बिल आलं त्यात एक ओळ होती: "प्रकल्प समन्वय, 62 तास." कुठला प्रकल्प, कुणी, काय केलं, काही नाही. आम्ही ते परत केलं. प्रत्येक ओळीला माणूस, तारीख, प्रकल्पाचा नंबर आणि केलेलं काम मागा, कारण उद्या तोच खर्च व्यवस्थापनाच्या 5 टक्क्यांत दाखवताना फीमा आपल्याला हेच विचारते. दर पंधरवड्याला एका पानाचा आढावा घ्या: कुठला प्रकल्प कुणाच्या टेबलावर अडला आहे आणि किती दिवसांपासून.

नकार आला तर पत्र हातात पडल्यापासून अपिलाला 60 दिवस मिळतात. पत्र कुणाच्या इनबॉक्समध्ये येणार ते आजच ठरवा. अपील लिहायची फी करारात आधीच धरून ठेवा, त्या वेळी घासाघीस करायला वेळ नसतो.

आणि करारात एक कलम घालाच: शेवटचा 10 टक्के हप्ता सगळ्या फाइली आपल्या ताब्यात, आपल्या क्रमाने मिळाल्यावर. प्रत्येक प्रकल्पाच्या फाइलीत खरेदीचे कागद, करार, बिलं, चेकचा पुरावा, टाइमशीट, फोटो आणि विम्याचा पत्रव्यवहार. राज्याने शेवटचा खर्च अहवाल फीमाला पाठवल्यावर किमान तीन वर्षं हे सांभाळावं लागतं, आणि तोवर त्या कंपनीतली तुमच्या ओळखीची सगळी माणसं नोकरी बदलून गेलेली असतात. आमच्या ए वर्गाच्या फाइलीत फोरमनची ती वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे, आणि वर चिठ्ठी लावली आहे: मूळ प्रत, बाहेर देऊ नये.