मानेतली गाठ: ऑपरेशनआधी या चुका टाळा

हडपसरच्या एक काकू पिशवीभर रिपोर्ट घेऊन आल्या. मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ, चार वर्षांची. तीन महिने टीबीच्या गोळ्या झाल्या, गाठ होती तेवढीच. मी दोन बोटांनी जरा दाबली तर काकूंना ठसका लागला. पुन्हा दाबली, पुन्हा ठसका. गाठ व्हेगस या मानेतून जाणाऱ्या, स्वरतंतू हलवणाऱ्या मज्जातंतूच्या आवरणातली, म्हणजे श्वानोमा असावी, ही शंका तिथेच आली.

मानेत गाठ म्हणजे टीबी, ही पहिली चूक. आपल्याकडे टीबी इतका आहे की तसं वाटणारच. पण पुराव्याशिवाय औषध सुरू करू नये. श्वानोमा आडवा सरकतो, वर-खाली नाही. मात्र मानेतल्या मोठ्या कॅरोटिड धमनीच्या फाट्यावरचा कॅरोटिड बॉडी ट्यूमरही तसाच वागतो, म्हणून बोटाखाली ठोके लागतात का ते बघा. तो रक्ताने भरलेला असतो, तेव्हा सोनोग्राफी आधी, सुई नंतर.

काकूंच्या पिशवीत एफएनएसीचे, म्हणजे सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीचे, दोन रिपोर्ट होते, दोन्हींवर ‘नमुना अपुरा’. श्वानोमात हे नेहमीचंच. म्हणून गाठीचा तुकडा कापून घ्यायला धावू नका, त्यात मज्जातंतूच कापला जाऊ शकतो.

एमआरआयचा रिपोर्ट वाचून थांबू नका, फिल्म स्वतः बघा. व्हेगसची गाठ कॅरोटिड धमनी आणि जुग्युलर शीर यांच्यात शिरून दोघींना फाकवते. सिम्पथेटिक साखळीतली, म्हणजे पापणी आणि बाहुलीकडे जाणाऱ्या मज्जातंतूंमधली गाठ बहुधा दोघींना एकत्रच पुढे ढकलते. अपवाद असतात, पण कोणता मज्जातंतू धोक्यात आहे याचा अंदाज इथेच येतो.

पुढची चूक माझी स्वतःची. एका पेशंटचा आवाज ऑपरेशननंतर बसला आणि आधी दुर्बिणीतून स्वरतंतू पाहिलेच नव्हते. दोष आधीचा की माझ्या हातचा, सांगता येईना. आता स्वरतंतू तपासल्याशिवाय, पापणी आणि बाहुली बघितल्याशिवाय तारीख देत नाही.

आवरण उघडून आतली गाठ सोलून काढली तरी आवाज बसू शकतो, हे काकूंना स्पष्ट सांगितलं. त्या भाजी विकतात. म्हणाल्या, “मग गिऱ्हाईकाला हाक कशी मारू?” गाठ दुखत नव्हती, झपाट्याने वाढतही नव्हती, तसं असतं तर थांबलो नसतो. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करायचं ठरलं.