अख्खे हॉप्स उघडण्यापूर्वीची तयारी

बिअरमध्ये घालायच्या हॉप्सच्या वाळवलेल्या फुलांची पाकिटे गोव्यात येतात ती हवा काढून, दाबून बंद केलेली. त्यामुळे पाकीट विटेसारखे घट्ट आहे की सैल पडले आहे, हे ब्रुअरीच्या दारातच हाताने चाचपून पाहावे आणि सैल पाकीट वेगळे काढून सर्वांत आधी वापरावे. उघडताच जुनाट चीजसारखा वास आला, तर मात्र ते वापरूच नये.

फुले किती दाबावीत याचे गणित ओलाव्यावर चालते. फुलाच्या खवल्यांच्या बुडाशी ल्युपुलिनचे पिवळे कण असतात, बिअरचा कडवटपणा आणि सुगंध त्यांतून येतो, आणि ते फुटले की आतल्या तेलाला हवा लागते. ताज्या फुलात सुमारे 80 टक्के पाणी असल्याने तोडणीनंतर ढीग तसाच राहिला तर खालची फुले चेपतात आणि ढीग आतून तापतो. म्हणून मळ्यावरच वाळवून ओलावा 8 ते 10 टक्क्यांवर आणतात. भट्टीतून निघालेल्या मालाचे खवले कुरकुरीत, पण मधला दांडा अजून ओलसर असतो, म्हणून ओलावा सारखा होऊ देऊन मगच दाबून गाठी (गठ्ठे) बांधतात. घाई केली तर खवल्यांचा चुरा होतो आणि दांड्यातल्या ओलाव्याने गाठ आतून तापते. काजूची बोंडे तुडवून शेवटचा थेंब काढणाऱ्या आपल्या लोकांना ही नजाकत जरा विचित्रच वाटावी.

माल ठेवण्यासाठी शून्याखालच्या फ्रीजरमध्ये स्वतंत्र फळी मोकळी करावी. गेल्या जूनमध्ये फ्रीजर भरलेला म्हणून मी तीन पाकिटे रात्रभर माल्टच्या 25 किलोच्या पोत्याखाली ठेवली. सकाळी एकाचा सांधा उसवलेला होता आणि तळाशी पिवळी पूड साचली होती.

वापराच्या दिवशी पाकीट बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, नाहीतर पावसाळ्यातल्या दमट हवेचे पाणी थंड फुलांवर धरते. मग एक फूल मुठीत हलके दाबून पाहावे: ते सळसळत पुन्हा फुलले आणि दांडा वाकवताच कट्कन तुटला, तर माल चांगला, भुगा झाला तर जास्त वाळलेला, चेपलेलेच राहिले तर ओला. घट्ट वडी पदर सोडवावेत तशी बोटांनी सोडवावी, ठोकू नये. माप वजनाचेच धरावे, कारण मोकळी केलेली फुले भांड्यात फसवी दिसतात. उरलेला माल पाकिटात कार्बन डायऑक्साइड भरून लगेच सीलबंद करावा आणि पाकिटावर हंगामाच्या वर्षासोबत उघडल्याची तारीखही लिहावी.