बांगड्यांची उडीदमेथी, रात्रीच्या जेवणाला

काल रात्री आमच्याकडे बांगड्यांची उडीदमेथी (उडीद-मेथीच्या वाटणातलं माशांचं कालवण) झाली, गोव्यात म्हापशाच्या बाजारात मस्त ताजे बांगडे दिसले म्हणून लगेच ठरवलं. चार बांगडे साफ करून तुकडे करा, मीठ-हळद लावून ठेवा. खरं काम मसाल्याचं! चमचाभर खोबरेल तेलात २ चमचे उडदाची डाळ लालसर भाजायची आणि मेथी अगदी शेवटी टाकायची, तीसुद्धा पाव चमचाच, आधी टाकलीत तर करपते आणि सगळं कालवण कडूजहर होतं. दीड वाटी ओलं खोबरं, ७-८ बेडगी मिरच्या, हळद, चिंच हे गंधासारखं बारीक वाटा, डाळ-मेथी मात्र शेवटी घालून जरा रवाळच ठेवा, त्यातच मजा आहे. पाणी घालून उकळी आली की मासे सोडा, ७-८ मिनिटं बास, डावाने ढवळू नका, भांडंच हलवा. आंबाडे (छोटी आंबट फळं) मिळाले तर ठेचून वाटणासोबतच उकळा आणि चिंच कमी करा, मला तर तीच चव जास्त आवडते. वरून चमचाभर कच्चं खोबरेल तेल. सोबत उकड्या तांदळाचा भात हवाच, आणि थोडी उरली तर सकाळी आटवून पावाबरोबर खाऊन बघा.