ब्लॅडर कॅन्सर आणि ट्यूमर सप्रेसर जनुकं: या चुका टाळा

‘पी53 पॉझिटिव्ह, म्हणजे जनुक शाबूत.’ हे वाक्य दरवर्षी कुठल्या ना कुठल्या प्रबंधात सापडतंच. पी53 हे गाठ रोखणारं (ट्यूमर सप्रेसर) प्रथिन, टीपी53 त्याचं जनुक; अँटिबॉडीने रंगवल्यावर ते स्लाइडवर दिसलं की ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात. एका विद्यार्थिनीने स्नायूत शिरलेल्या गाठींचे दोन गट केले होते: गडद रंगलेल्या ‘चांगल्या’, कोऱ्या ‘वाईट’. रुग्णांच्या जगण्यात फरक काही दिसेना, म्हणून ती अँटिबॉडीला दोष देत होती. स्लाइड आणि सिक्वेन्सिंग पुन्हा काढून पाहिलं, तर दोन्ही गटांत टीपी53 बिघडलेलं होतं. 2017 च्या टीसीजीए (कॅन्सरमधल्या जनुकांचा मोठा अमेरिकी प्रकल्प) अभ्यासातल्या अशा 412 गाठींपैकी जवळपास निम्म्यांत ते बिघडलेलं आहे, तेव्हा ही चूक किरकोळ नव्हे.

निरोगी पेशीत एमडीएम2 हे प्रथिन पी53 ला सतत मोडीत काढतं, म्हणून डाग फिका आणि तुरळक पडतो. म्यूटेशन झालेलं पी53 बहुतेकदा मोडलं जात नाही, साचतं, आणि केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. जनुक मध्येच तुटलं तर प्रथिनच बनत नाही, गाठ कोरी राहते. दोन्ही टोकांना डीएनए बिघडला तरी पेशी विभागत राहते, तिला थांबवणारं कोणी नसतं.

कोरी स्लाइड आली की मी आधी शेजारच्या लिम्फोसाइट (निरोगी पांढऱ्या रक्तपेशी) पाहते. त्यांत फिका रंग असेल तरच गाठीचं कोरेपण खरं. त्याही कोऱ्या असतील तर स्टेन फसलाय. याला मिनिटभरही लागत नाही, पण सॉफ्टवेअरने दिलेला रंगलेल्या पेशींचा टक्का उचलून पुढे पळणारे तेवढंही थांबत नाहीत.

पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या पी16 या प्रथिनाचंही तसंच. गर्भाशयमुखाच्या गाठी पाहायच्या सवयीने गडद पी16 दिसलं की लगेच एचपीव्ही (त्या कॅन्सरमागचा विषाणू) लिहू नका. ब्लॅडरमध्ये अशा वेळी बहुधा आरबी1 (आरबी या आणखी एका सप्रेसर प्रथिनाचं जनुक) गेलेलं असतं, आणि आरबीचा दाब सुटला की पी16 वाढतं. मी दोन्ही स्टेन शेजारी ठेवल्याशिवाय मत देत नाही.

क्रोमोसोम 9 चा तुकडा गेला म्हणून गाठीला आक्रमक ठरवू नका. कमी ग्रेडच्या गाठींतही तो सुरुवातीलाच जातो.

नड्सनचा 1971 चा दोन घावांचा नियम (सप्रेसर जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात) सगळ्यांना पाठ असतो. पण केडीएम6ए आणि एसटीएजी2 ही सप्रेसर जनुकं एक्स क्रोमोसोमवर आहेत. पुरुषाकडे प्रत एकच, दुसरा घाव शोधत बसू नका.

टी24 आणि ईजे या प्रयोगशाळेत वाढवलेल्या ब्लॅडर कॅन्सरच्या पेशी वापरून ‘दोन पेशीरेषांत तपासलं’ असं लिहू नका. त्या एकच आहेत.

सीडीकेएन2ए (पी16 चं जनुक) दोन्ही प्रतींतून उडालंय का हे पाहताना निरोगी पेशींचा डीएनए मिसळला, तर उडालेलं जनुक जागेवर असल्यासारखं दिसतं. मी एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडवर पेनने गाठ आखून देते आणि तेवढाच भाग खरवडायला लावते.